मधल्या सुट्टीतली घोंगडी

इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मागच्या पडवीत खुंटीला एक काळी घोंगडी टांगलेली होती. मी ती एकदाच पाहिली, अर्धा-पाऊण तास. तिचा एक कोपरा उसवला होता आणि तिथं कुणीतरी लाल दोऱ्यानं मोठे मोठे टाके घातले होते. मी रोज जिथं बसते-उठते तिथल्या कितीतरी वस्तू मला डोळे मिटून सांगता येणार नाहीत. ते लाल टाके मात्र येतात. सात होते.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, नीरेच्या डाव्या कालव्यावर ओव्हरसियर. त्यांच्या बदल्या होत राहायच्या म्हणून मला नवव्या वर्षीच पुण्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात ठेवलं. मॅट्रिक होऊन, कॉलेजचं एक वर्ष करून मी बारामतीला घरी आले तेव्हा मला इंग्रजीत निबंध लिहिता येत होता आणि शेजारणीशी दोन वाक्यं बोलताना तोंडाला कोरड पडत होती. मराठी येत नव्हतं असं नाही. पण प्रत्येक वाक्य मी आधी मनात लावून बघायची, आणि ते बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत बोलणं पुढं निघून गेलेलं असायचं.

त्या वर्षात मला दोनदा दाखवून झालं होतं. दोन्ही वेळा आईनं आदल्या दिवशी तेच शिकवलं. समोर ताटली आली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आग्रह झाला की 'खरंच नको'. तिसऱ्यांदा वाढलं की अर्धं ठेवून घ्यायचं. "पहिल्या हाकेला हात पुढं केला तर लोक म्हणतील, घरी खायला घालत नाहीत," आई म्हणायची. बोर्डिंगात नेमकं उलटं होतं. तिथं नको म्हटलं की वाढणारी पुढच्या मुलीकडे जायची, परत फिरायची नाही. तिथले पहिले दोन दिवस मी त्यापायी उपाशी काढले होते. पुढं मला दोन्हीकडची रीत नीट येऊ लागली. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या स्थळाचाही नकार आला त्या संध्याकाळी अण्णा म्हणाले, "हिला कुठं शिकवायची जागा मिळाली तर दोन वर्षं हा विषय नको." मला ती दोन वर्षं हवी होती. पण त्याहूनही हवी होती एक जागा, जिथं मी काही न बोलता बसले तरी बसले आहे हे कुणाच्या तरी लक्षात येईल.

बोर्डिंगातल्या माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण पुण्याला दवाखान्यात नर्स होती. तिला मी पत्रानं विचारलं की जागा चांगली की वाईट हे कसं ओळखायचं. तिचं उत्तर चार ओळींचं आलं. तास आणि रजा ते सांगतील, तिनं लिहिलं होतं. माणसं एकमेकांसोबत कशी जेवतात ते कुणी सांगणार नाही. तू जेवणाच्या वेळेपर्यंत थांब आणि स्वतः बघ.

पहिलं बोलावणं बारामतीतूनच आलं. शाळेची इमारत नवी, बाकांना अजून रोगणाचा वास. सेक्रेटरी वकील होते. त्यांनी सगळे प्रश्न अण्णांना विचारले.

"स्वभाव कसा आहे?"

"शांत आहे. घरात आहे की नाही कळत नाही."

"उत्तम," वकील म्हणाले. "आधीच्या बाई फार बोलायच्या."

मग मला एक धडा वाचायला लावला आणि माझ्या उच्चारांवर ते खूश झाले. निघताना मधली सुट्टी झाली. मला मैत्रिणीच्या बहिणीचं पत्र आठवलं. पाणी प्यायचं निमित्त करून मी वऱ्हांड्यातून शेवटपर्यंत चालत गेले. चार वर्ग, चार बाई. सगळ्या जणी आपापल्या वर्गात, दाराकडे पाठ करून, आपापला डबा खात होत्या. दार अर्धवट लोटलेलं. कुणाचं कुणाशी भांडण होतं असं नाही. घरून जसं आणलं तसं खायचं, कुणाचं कुणाला चालतं-न चालतं हा प्रश्नच येऊ द्यायचा नाही, एवढंच. चैत्रातल्या हळदीकुंकवालाही त्या एकत्र जात असतील. पण त्या चार पाठी पाहून मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात इंदापूरचं पत्र आलं. तिथं इंग्रजी पहिलीचा वर्ग नव्यानं निघाला होता आणि एक तास शिकवून दाखवायचा होता. अण्णांना इंदापूरच्या कचेरीत काम होतंच. पहाटे नुसत्या चहावर आम्ही सर्व्हिस मोटारीत बसलो. निमगाव केतकीला मोटार थांबली आणि विड्याच्या पानांच्या ओल्या करंड्या आमच्या पायांशी येऊन पडल्या.

"बाईसाब, पाय वर घ्या," ड्रायव्हर मागं वळून म्हणाला. "पानं सासरी चालल्यात. तुमचं अजून व्हायचंय."

मोटारीतले सगळे हसले. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. मी पाय वर घेऊन बसले ते इंदापूर येईपर्यंत.

इंदापूरची शाळा म्हणजे एका व्यापाऱ्याचं जुनं कापसाचं गोदाम. भिंतींना पांढरा चुना, वर पत्रे. मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. चाळिशीच्या, उंच, नाकावर चष्मा घसरलेला. त्यांनी अण्णांना नमस्कार केला आणि पहिला प्रश्न मला विचारला, "प्रवासात त्रास झाला का?" मी वाक्य जुळवेपर्यंत त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या. मी "नाही" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि आम्हाला शाळेच्या अंगाला असलेली एक खोली दाखवली. शेजारी त्या स्वतः राहत होत्या. खोलीला एक खिडकी होती, तिच्यातून गुरांच्या बाजाराचं रिकामं मैदान आणि पलीकडे बाभळी दिसत होत्या. कोनाड्यात आधीच्या कुणाचा तरी कंदील होता. "इथं राहिलात तर या खिडकीला पडदा लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "सोमवारी बैल आत तोंड घालतात." अण्णा हसले. मला त्या बैलांचीसुद्धा भीती वाटली नाही.

अण्णा कचेरीत गेले आणि मी वर्गावर गेले. तेवीस मुली, सगळ्या जमिनीवर पट्ट्यांवर बसलेल्या. पहिली दहा मिनिटं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग मी सांगितलं की इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना एकच शब्द असतो. मागून एक मुलगी उठली.

"मंग बाई, सासूला बी त्योच आन म्हशीला बी त्योच?"

"हो."

"आन सासू रागावत न्हाय?"

"तिकडची रागावत नाही."

"मंग मला तिकडंच द्या," ती म्हणाली आणि सगळ्या वर्गाला हसू फुटलं. मीही हसले. मोठ्यांदा हसले, मला माझंच नवल वाटलं. दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या. त्याही हसत होत्या. घंटा झाली तरी मुली उठेनात.

मग मधली सुट्टी.

मागच्या पडवीत शिवणाच्या बाईंनी खुंटीवरची घोंगडी काढली, दोन्ही हातांनी झटकली आणि पसरली. त्या जवळच्याच एका वाडीवरच्या, बागायतदाराच्या घरातल्या, हसऱ्या आणि भरल्या अंगाच्या. मोठ्या बाई बसल्या. लहान वर्गाच्या बाई बसल्या. त्या ख्रिस्ती होत्या, नगरच्या मिशनमध्ये शिकून आलेल्या, किडकिडीत, कपाळ मोकळं. मला मधे जागा ठेवली होती, त्या लाल टाक्यांच्या कोपऱ्याशी. मी बसले. तिघींनी डबे उघडून मधे ठेवले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरीत. आणि ख्रिस्ती बाईंच्या डब्यात हुलग्याचे शेंगोळे.

बोर्डिंगातली आमची स्वयंपाकीण नगरकडची होती. दर शनिवारी शेंगोळे व्हायचे. लसणाचा तो वास जिन्यापर्यंत यायचा आणि आम्ही मुली पाय न वाजवता पळायचो. आमच्या घरी हुलगे म्हणजे बैलांचं खाणं. घरी आल्यापासून मी शेंगोळ्यांचं नावही काढलं नव्हतं. आता ते हातभर अंतरावर होते आणि पहाटेच्या चहानंतर माझ्या पोटात काही नव्हतं.

"घेता का, बाई?" ख्रिस्ती बाईंनी डबा माझ्याकडे सरकवला. "शेंगोळे आहेत."

"नको," मी म्हटलं. "मी जेवून आलेय."

एखाद्या परक्या ठिकाणी असते तर मी हो म्हटलं असतं. बोर्डिंगातली रीत चालवली असती. पण त्या घोंगडीवर मला घरी आल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी घरची रीत धरली. पहिल्यांदा नको. आता त्या पुन्हा विचारतील, मग मी खरंच नको म्हणेन, मग त्या वाढतील.

त्यांनी डबा परत घेतला आणि अर्धं झाकण ओढून स्वतःच्या मांडीजवळ ठेवला. बोलणं सुरू झालं.

"काल आमच्या मालकांनी माझी शिलाई बघितली," शिवणाच्या बाई सांगत होत्या. "म्हनले, पोरींना शिकवतीस आन माझ्या सदऱ्याला गुंडी न्हाय."

"मग लावलीत का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"व्हय. पाठीवर लावली. म्हनलं, आता लावा एकट्यानं."

ख्रिस्ती बाईंना ठसका लागला. मोठ्या बाईंनी त्यांच्या पाठीवर थापटलं आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून त्यांना दिलं. मी ते सगळं बघत होते. त्या तांब्यातून मागाहून मोठ्या बाईही प्यायल्या. बारामतीच्या चार पाठी मला आठवल्या आणि मी मनात ठरवून टाकलं. इथं. हीच जागा. सोमवारचे बैल, खिडकीला पडदा, आणि रोज या कोपऱ्यावर मी. मी बोलले नाही तरी चालेल इथं.

आणि त्याच वेळी मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते. भाकरी संपली. चटणी बोटानं पुसली गेली. शेंगोळ्यांचं शेवटचं वेटोळं शिवणाच्या बाईंनी उचललं. "ऱ्हायलं तर वाया जातंय," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, नवीन माणूस म्हणून संकोच करत असतील.

दुपारी कमिटीचे दोन गृहस्थ आले, चार प्रश्न विचारून गेले. मोठ्या बाई नीट बोलल्या, पण खोलीचा विषय निघाला नाही. मीच कसंबसं विचारलं, "ती खिडकी... पडदा मी आणू का?" त्या चष्म्यावरून क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कळवू आम्ही."

दहा दिवसांनी पत्र आलं. आपला तास उत्तम झाला, परंतु येथील व्यवस्था आपणास सोयीची होईल असे वाटत नाही. अण्णांनी दोनदा वाचलं. "गोदाम आहे म्हणून लाजले असतील," ते म्हणाले. मी रात्रभर माझा तास मनात परत परत घेतला. ते सासूचं आणि म्हशीचं बोलणं आवडलं नसेल, असं मी ठरवलं. मी हसायला नको होतं.

बारामतीची जागा मी घेतली. माझ्या वर्गात हिंदुस्थानचा मोठा नकाशा होता. मधल्या सुट्टीत मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसायची आणि नकाशा बघत जेवायची. माझ्याबद्दल सगळे समाधानी होते. आमच्या शाळेच्या रस्त्यानं अकराला इंदापूरची मोटार जायची. ड्रायव्हर वळणावर भोंगा वाजवायचा. मी त्या वेळी फळ्यावर लिहीत असले तर थांबायची. मुलींना वाटायचं, मी शब्द आठवतेय.

दीड वर्ष असं गेलं. मग मराठी सातवीच्या परीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत आलं आणि तीन दिवसांसाठी मोठ्या बाई आपल्या मुली घेऊन बारामतीला आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला आणि दूर राहिल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या मागच्या पायरीवर एकट्याच डबा उघडून बसल्या होत्या. मी हौदावर हात धुवायला गेले. रीतीप्रमाणे त्या म्हणाल्या,

"घेता का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचा हात डब्यातच राहिला. "खाता तुम्ही?"

मी पायरीवर बसले. बोलायचं वाक्य मनात लावायला वेळच मिळाला नाही. "त्या दिवशी मला फार भूक लागली होती," मी म्हटलं.

"कुठल्या दिवशी?"

"घोंगडीवर. शेंगोळे होते तेव्हा. मी पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं."

"मग नको का म्हणालात?"

"तुम्ही परत विचाराल म्हणून."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. परत लावला. मग अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"आमच्या घोंगडीवर दुसऱ्यांदा विचारत नाहीत," त्या म्हणाल्या. "ती आमची रीत आहे. आमच्या लहान वर्गाच्या बाई गावात आल्या तेव्हा त्यांच्या हातचं पाणीही कुणी घेत नव्हतं. मी शेजारी बसून जेवायला लागले, मग शिवणाच्या बाई आल्या. नवीन माणूस आलं की आम्ही आग्रह करायचो. आग्रह केला की नको म्हणणाऱ्याला कारण सांगावं लागतं. घरी चालत नाही, सोवळं आहे, सासूबाई रागावतील. ती सगळी कारणं त्यांनी डबा हातात धरून किती वेळा ऐकायची? म्हणून मग एकदाच विचारायचं ठरलं. नको म्हटलं की विषय संपला. आम्हाला कळायचं ते कळतं."

"मी बोर्डिंगात ख्रिस्ती मुलींतच जेवलेय," मी म्हटलं. "अकरा वर्षं."

"ते मला कसं कळणार? तुम्ही बोलताय कुठं?"

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत.

"लहान वर्गाच्या बाई काही म्हणाल्या का? मी गेल्यावर?"

"नाही. तास छान झाला म्हणाल्या. तुमच्या हसण्याचं कौतुक करत होत्या." मोठ्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "डबा मात्र त्या दिवशी त्यांनी लवकर धुतला."

इंदापूरची जागा केव्हाच भरली होती. नव्या बाई सोलापूरकडच्या, चांगल्या आहेत, मुलींना आवडतात. त्या कोपऱ्यावर बसतात. हे मोठ्या बाईंनी मी न विचारता सांगितलं.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या मळेकऱ्याकडून मापटंभर हुलगे आणले आणि जात्यावर बसले. आई दारात येऊन उभी राहिली.

"हे काय? आपल्याकडे बैल कुठं आहेत?"

"शेंगोळे करतेय."

"कुणासाठी?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, सगळं. आईशी एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. ती खाली बसली, जात्याला दुसरा हात लावला. दळता दळता म्हणाली, "मी शिकवलं होतं ते पाहुण्यांसाठी होतं गं." मग लसूण सोलायला घेतला आणि एवढा लसूण पाहून नाकाला पदर लावला. अण्णांनी दोनदा मागून घेतले. आईनं एक चाखला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी परीक्षा संपल्यावर मी डबा मोठ्या बाईंच्या हातात दिला. मुली मोटारीत चढत होत्या.

"त्यांना द्या," मी म्हटलं. "विचाराल एकदा?"

"एकदाच विचारीन," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चष्म्यामागं हसू दिसलं.

आठ दिवस काही आलं नाही. मी रोज अकराच्या भोंग्याला थांबत होते. नवव्या दिवशी मोटार शाळेपाशीच उभी राहिली आणि ड्रायव्हरनं डबा फाटकावर आणून दिला. "इंदापूरच्या बाईंनी दिलाय. जड हाय, सांभाळून धरा."

रिकामा डबा कुणी परत करत नाही, हे आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. आत शेंगदाण्याची चटणी होती, वरपर्यंत दाबून भरलेली. चिठ्ठी नव्हती. झाकणावर बांधलेल्या फडक्याची गाठ मात्र लाल दोऱ्यानं पक्की केलेली होती. तो दोरा मी ओळखला.

मधल्या सुट्टीत मी डबा टेबलावर ठेवला. समोर नकाशा होता. मी उठले, खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं, दार पूर्ण उघडलं आणि मग जेवायला बसले. वऱ्हांड्यातून पलीकडच्या वर्गातल्या बाईंची पाठ दिसत होती. त्यांना अजून मी काही विचारलेलं नाही. चटणी मी पुरवून पुरवून खाते आहे, अर्धा डबा अजून शिल्लक आहे. आणि भोंगा वाजला की अजूनही खडू हातात धरून थांबते. त्या वेळी तिकडे सुट्टी व्हायला तासभर असतो, घोंगडी अजून खुंटीवरच असते.